डाळिंबाच्या सालांचं कातडं

३ फेब्रुवारी

दादा,

तू फोन उचलत नाहीस म्हणून लिहितेय. वहिनी उचलते आणि "ते आंघोळीला गेलेत" म्हणते. गेले नऊ दिवस तू आंघोळीतच आहेस. एवढा स्वच्छ माणूस आपल्या घराण्यात आजवर झाला नव्हता.

त्या दिवशी तू अर्ध्यातून सटकलास, म्हणून पुढचं सांगते. अर्थात आधीचंही सांगणार आहे, कारण ते तुझ्या तोंडून कधी येईल असं मला वाटत नाही.

बुटांच्या बाई हातात कागद घेऊन आल्या, तेव्हा तू कातडी फिरवायच्या ढोलाच्या पट्ट्याला तेल लावत होतास. दोन वर्षं त्यांनी तान्ह्या मुलांच्या बुटांसाठी आपल्याखेरीज कुणाचं कातडं घेतलं नाही. त्यांनी विचारलं, "कातडं कमावताना क्रोम किती घालता?"

मी हसले. म्हटलं, "एक कणही नाही. डाळिंबाची सालं आणि पाणी. सालांचा काढा तुम्ही स्वतः ढवळून बघितलाय की."

त्यांनी कागद माझ्यापुढे धरला. प्रयोगशाळेचा शिक्का, खाली आकडा. "एका आईने बूट परत पाठवलेत," त्या म्हणाल्या. "तिच्या मुलीला क्रोम सोसत नाही, म्हणून तर तिने आमचे बूट घेतले. दीड वर्षाची पोर आहे. घोट्यापर्यंत पाय सोलवटलेत."

मी म्हटलं, "प्रयोगशाळा चुकली असेल." आणि तुझ्याकडे वळून म्हटलं, "दादा, सांग ना यांना."

तू पट्ट्याला तेलच लावत राहिलास. पट्टा निथळायला लागला तरी लावत राहिलास. बाईंनी तुझ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि कागद ढोलाच्या कठड्यावर ठेवून निघून गेल्या. मी म्हटलं, "दादा?" तू म्हणालास, "नंतर बोलू."

नंतर म्हणजे कधी, ते सकाळी कळलं. वरची खोली रिकामी, कपाटाची दारं उघडी. वहिनीचं शिवणयंत्रसुद्धा नेलंत. एका रात्रीत परगावच्या कारखान्यात नोकरी मिळत नाही आणि शिवणयंत्रही खाली उतरत नाही. म्हणजे तुझी तयारी आधीपासून होती.

मग मी मिस्त्रीला गाठलं. बाबांच्या वेळचा माणूस, कधी नजर न चुकवणारा. त्या दिवशी तो चुन्याच्या टाकीत काहीतरी पडल्यासारखा वाकून बघत बसला. मी म्हटलं, "मिस्त्री, क्रोमचं पोतं कुठाय?" तो नुसता उठला. चुन्याच्या पोत्यांच्या मागे, ताडपत्रीखाली, हिरव्या-निळ्या भुकटीचं अर्धं पोतं. वर आपल्या आईचं जुनं पितळी मापटं.

"दादांनी सांगितलं होतं, बाई, तुम्हाला बोलायचं नाही," तो म्हणाला.

मला याची काडीचीही कल्पना नव्हती. हे तू लक्षात ठेव. जगाला सांगतानाही मी हेच सांगणार आहे.

तुझी धाकटी


१२ फेब्रुवारी

दादा,

उत्तर नाही. बरं.

आज मी हिशेब लावत बसले होते. दिवसांचा, दुसरा कसला नाही. पहिले दोन ढोल बिघडले होते. एकातलं कातडं पापडासारखं कडक, दुसऱ्यातलं कुजकट. तिसरा ढोल चांगला निघाला. म्हणजे तिसऱ्यापासून.

तो तिसरा ढोल तुला आठवतो ना? मी पट्टी कापून गरम पाण्यात सोडली, तापमापक धरून बसले. सत्तरला काही नाही. ऐंशी, काही नाही. नव्वदच्या पुढे गेलं तरी पट्टी आक्रसेना. मी ओरडत अंगणात आले होते. चपला न घालता. नुसत्या सालांवर कमावलेलं कातडं एवढं सोसतं असं कुणी ऐकलं नव्हतं. मी म्हटलं, सालं दोनदा भिजवल्यामुळे झालं. तू म्हणालास, "असेल बाई, तुझा हात चांगला." आणि मला चहा करून दिलास.

पहाटे ढोल तू लावायचास. मी सात वाजता येईपर्यंत क्रोम मुरलेलं असायचं आणि मग मी वरून माझा काढा ओतायचे, रंगकाम करावं तसा. दोन वर्षं मी तुझ्या क्रोमला नुसता पिवळा रंग देत होते, दादा.

नदीपलीकडचे कारखानदार आठवतात? मी कातडी कमावणाऱ्यांच्या मेळाव्यात व्यासपीठावर उभी राहून सगळं फोड करून सांगितलं होतं, सालं किती, पाणी किती, किती वेळ. त्यांनी विश्वास ठेवून एक अख्खा ढोल तसा लावला आणि सगळी कातडी वाया गेली. त्यांनी मला फोन केला. मी काय म्हणाले माहितेय? "तुमचं प्रमाण चुकतंय, वही काढून नीट वाचा." वर हसले. तू शेजारी बसला होतास. तुझ्या हातात पेपर होता आणि तू पान उलटलंस.

मला त्या पान उलटण्याचा जेवढा राग येतो तेवढा पोत्याचाही येत नाही.

रसाच्या कारखान्यामागे ती सालं कुजत पडायची, माशा घोंगावायच्या, कुणी त्या रस्त्याने जायचं नाही. ती मी उचलून आणली. गाडीवाला मला "सालवाल्या बाई" म्हणायचा, तुम्ही सगळे हसायचात, मीही हसायचे. मला हे करायचं का होतं, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत नाही. बाबांच्या हातांची भोकं तूच पुसायचास. क्रोमने पडलेली, मुगाएवढी, कधीही न भरणारी. जेवताना ते चमच्याने जेवायचे आणि आपल्याला वाटायचं बाबांना ऐट आहे.

त्याच हातांचा मुलगा पहाटे उठून तेच ओतत होता. बहिणीच्या नावाने.

तुझी धाकटी


२० फेब्रुवारी

दादा,

दोनच ओळी. टाकीतला गाळ आणि सालांचा चोथा मी दोन वर्षं रोपवाटिकेच्या मावशींना खत म्हणून देत आले. माझ्या हाताने, घमेलं भरून, "मावशी, पोटात घालाल एवढं स्वच्छ आहे" असं म्हणून. त्या वाफ्यातल्या भाज्या त्या आजूबाजूच्या घरांना देतात. आपल्या आईलाही.

हे आजच लक्षात आलं. उद्या मावशींकडे जाणार आहे. तू सोबत यायला हवा होतास.


२२ फेब्रुवारी

दादा,

गेले होते.

मावशी नळीने रोपांना पाणी घालत होत्या. मी फाटकातूनच सुरुवात केली. "मावशी, मी तुमची माती नासवली. मी दिलेल्या गाळात क्रोम होतं. मला माहीत नव्हतं, पण दिलं मीच."

त्यांनी नळ बंद केला. "बस आधी."

"बसत नाही. तुमच्या सगळ्या वाफ्यांची माती काढावी लागेल. मी माणसं आणते, मी स्वतः खणते..."

"अगं, मला माहितेय."

मला वाटलं, बुटांच्या बाईंनी सांगितलं असेल.

"तुझा दादा पहिल्या खेपेच्या दुसऱ्याच दिवशी आला होता," त्या म्हणाल्या. "म्हणाला, ती आणून देईल ते घ्या, पण वाफ्यात घालू नका. मागे खड्डा खणून देतो. दिलाही. दोन दिवस राबला बिचारा."

त्यांनी मला शेडच्या मागे नेलं. विटा लावलेला, खाली जाड प्लास्टिक अंथरलेला खड्डा, वर पत्रा. पत्रा सरकवला तर माझी दोन वर्षं आत. वाळलेली, भेगाळलेली, हिरवट. वास नाही, मुंगी नाही.

मी म्हटलं, "आणि तुम्ही मला मुळे द्यायचात ते? 'घे गं, तुझ्या खताचे' म्हणून?"

"ते आपले साध्या शेणखताचे." त्या खाली बघायला लागल्या. "तू घमेलं घेऊन यायचीस तेव्हा तुझा चेहरा असा असायचा की खरं सांगवायचं नाही."

दादा, मला हायसं वाटायला हवं होतं. माती चांगली आहे, कुणाच्या पोटात काही गेलं नाही. मी फाटकाला धरून उभी राहिले आणि मला एवढी लाज वाटली की बुटांच्या बाईंसमोरही तेवढी वाटली नव्हती. मिस्त्रीला माहीत, मावशींना माहीत, वहिनीला माहीत असणारच. मी वहीत आकडे लिहीत होते आणि तुम्ही सगळे, लहान मूल भातुकली खेळताना मोठी माणसं कशी "वा, छान झालीय हो भाजी" म्हणतात, तसे माझे मुळे खात होतात.

मग मला दुसरं सुचलं. मातीची काळजी तू घेतलीस. मावशींना सांगितलंस, खड्डा खणलास, प्लास्टिक अंथरलंस. म्हणजे हे किती वाईट आहे, ते तुला नीट ठाऊक होतं. मग बूट घालणाऱ्या पोरांसाठी कुठे खणला होतास खड्डा?


९ मार्च

दादा,

तुझं पत्र आलं. एक पान. आईने पाकीट हातात घेऊन तुझं अक्षर बघितलं आणि म्हणाली, "वाच." मी म्हटलं, "कामाचं आहे." तिने पाकीट माझ्या हातात दिलं. तिला बरंच काही कळतं, आपण समजतो त्याहून जास्त.

तू लिहिलंयस, "सासरहून परत आल्यावर तू पाच महिने भिंतीकडे तोंड करून पडून होतीस. जेवायला उठवलं तर उठायचीस, परत आडवी. मग ती सालं आली आणि तू उठलीस. पहिला ढोल बिघडला तेव्हा तू दोन दिवस बोलली नाहीस. दुसरा बिघडला तेव्हा परत आडवी झालीस. तिसरा बिघडू द्यायची माझी हिंमत नव्हती. एकदाच घालायचं ठरवलं होतं. मग बुटांच्या बाई आल्या आणि मागे फिरायला वाट उरली नाही."

हे मी चार वेळा वाचलं. तुझं खोटं नाही. मी पडून होते, हे खरं आहे. तुझा जीव तुटत होता, हेही खरं असेल.

पण दादा, मी आजारी होते, मूर्ख नव्हते. तिसरा ढोल बिघडला असता तर मी पडले असते, महिनाभर पडले असते. मग चौथा लावला असता किंवा नसता लावला. तो माझा प्रश्न होता. तू माझं अपयश चोरलंस. त्याच्या जागी मला जे दिलंस ते घेऊन मी व्यासपीठावर गेले, एका भल्या माणसाला मूर्खात काढलं आणि एका पोरीचे पाय सोलले. माझ्यावर माया करायची होती तर शेजारी बसून करायची. पाठीमागून नाही.

आता एक गोष्ट लिहायची आहे. हे पत्र तीनदा फाडलं, ते याच्यासाठीच.

पहिल्या पत्रात मी तुला लिहिलं, काडीचीही कल्पना नव्हती. ते खरं नाही.

मागच्या वर्षी बुटांच्या बाईंची मोठी मागणी आली, तेव्हा नमुन्यासाठी मी एक जाडसर तुकडा कापला. कापलेल्या कडेला वर पिवळट, खाली पिवळट, आणि मध्ये दोऱ्याएवढी निळसर रेघ. डाळिंबात निळं काही नसतं. मी खिडकीशी नेऊन बघितलं. मिस्त्रीला विचारलं, तो म्हणाला, "चुन्याचं असेल." मी चुन्याच्या टाकीशेजारी लहानाची मोठी झाले, दादा. चुना कसा दिसतो ते मला कळत नाही?

मी "हं, असेल" म्हटलं. तो तुकडा बाजूला टाकला आणि जिथे कातडं पातळ होतं तिथला दुसरा कापला. त्यात रेघ दिसत नव्हती. तो पाठवला.

तुला विचारलं नाही. विचारलं असतं तर तू सांगितलं असतंस, अशी मला भीती वाटली.

म्हणजे त्या पोरीच्या पायांशी तू एकटा नाहीस. हे मी कालच बुटांच्या बाईंना जाऊन सांगितलं. त्यांनी हातातला बूट खाली ठेवला. मग म्हणाल्या, "तुमच्या भावाचं मला कळत होतं. तुमचं कळायला वेळ लागेल." मागणी तर आधीच गेली होती. विकले गेलेले बूट त्यांनी जाहीर सांगून परत मागवलेत. मी त्यांच्याकडून त्या मुलीच्या आईचा पत्ता मागितला. त्या आधी तिला विचारणार आणि मग देणार.

याने तुझं ओझं हलकं होत नाही. तू मला फसवलंस, आणि मी फसवून घेतलं. दोन्ही वेगवेगळं आहे. मी माझं उचलते. तुझं तू उचल.


२९ एप्रिल

दादा,

बऱ्याच दिवसांनी लिहितेय, कारण लिहिण्यासारखं काही तरी होऊ दे म्हटलं.

आधी गाळाचं. घातक कचरा नेणाऱ्यांची गाडी आली, मावशींचा खड्डा रिकामा करून गेली. उरलेलं पोतंही त्यांनाच दिलं. मावशींशी मी अजून धड बोलत नाही. त्या फाटकाशी उभ्या राहतात, मी मान हलवते. होईल सावकाश.

नदीपलीकडच्या कारखानदारांकडे स्वतः गेले. त्यांना म्हटलं, "तुमचं प्रमाण बरोबर होतं. माझंच खोटं होतं." ते हसतील किंवा हाकलतील असं वाटलं होतं. ते आत गेले आणि त्यांची वही घेऊन आले. वाया गेलेल्या ढोलाचा त्यांनी तास-तास लिहून ठेवला होता. म्हणाले, "मी सहा महिने स्वतःला दोष देत होतो हो." एवढंच. पण वही माझ्या हातात दिली. त्यांचा आकडा खरा होता, दादा. एकाहत्तर अंशांना पट्टी आक्रसली होती.

त्या आकड्यापासून मी परत सुरुवात केली. पहिला ढोल बिघडला, सगळाच्या सगळा. बाहेरून कमावलेलं, आतून कच्चं. मी कातडी उपसून फरशीवर टाकली. मिस्त्री जवळ आला आणि इतक्या मायेने म्हणाला, "बाई, थोडं आणू का? एक मूठ. पुढच्या वेळी नाही घालायचं." त्याला तुझ्याकडूनच सवय.

आणि मी लगेच "नाही" म्हणू शकले नाही. हे तुला सांगते, दुसऱ्या कुणाला सांगणार नाही. एक मूठ, कुणाला कळलं असतं? त्या क्षणी मला समजलं, तुझा हात कसा गेला असेल ते. समजलं, म्हणून माफ झालं असं मात्र धरू नकोस. मी मिस्त्रीला म्हटलं, "घरी जा आज." मी दोन दिवस पडून राहिले, खरंच राहिले, आई डोक्याशी बसून होती. तिसऱ्या दिवशी उठले आणि सात वाजता कारखान्यात होते. माझी मीच उठले.

आता ढोल बंद ठेवलाय. सिमेंटच्या जुन्या टाक्या साफ केल्या. आधी पातळ काढा, मग थोडा दाट, मग आणखी दाट. कातडं चार आठवडे एका टाकीतून दुसऱ्या टाकीत जातं. घाई करायची नाही एवढंच शिकले. गेल्या आठवड्यात पहिलं निघालं. शहात्तर अंश. थोडं ताठ आहे, रंग एकसारखा नाही. बुटांच्या बाईंना तुकडा पाठवला, कडा जाड ठेवून, मुद्दाम. त्या स्वतः आल्या. वाकवून बघितला, नखाने ओरखडा काढला. म्हणाल्या, "वरच्या भागाला नाही चालणार. तळाला चालेल. पण प्रत्येक खेप मी आधी तपासायला पाठवणार. तुमच्या शब्दावर एकही तुकडा घेणार नाही." मी म्हटलं, "चालेल." इतकं बरं मला कुणाच्या कौतुकानेही वाटलं नव्हतं.

आणि त्या मुलीच्या आईचं पत्र आलं. मी तिला सगळं लिहिलं होतं, ती निळी रेघसुद्धा. तिने लिहिलंय, पाय बरे झाले, डाग राहिलेत, तेही जातील असं डॉक्टर म्हणतात. पुढचं तिच्याच शब्दांत देते: "तुम्ही खरं सांगितलंत, त्यामुळे माझ्या मनात राग उरलेला नाही. नवीन कातडं चांगलं असेल, यावरही माझा विश्वास आहे. पण तुमचे बूट मी माझ्या मुलीच्या पायात पुन्हा घालणार नाही. हे तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

मी मनाला लावून घेतलं, मग विचार केला, आणि मला ती बाई पूर्ण पटली.

तू मागच्या आठवड्यात वहिनीकरवी विचारलंस, परत येऊ का म्हणून. तर ऐक. घर तुझं आहे. वरची खोली झाडून ठेवलीय, आईने तीनदा झाडून घेतली माझ्याकडून. तिचे गुडघे दुखतात, जिना चढवत नाही, नाहीतर स्वतः जाऊन बसली असती. तू ये, तिच्याशी बोल, माझ्या शेजारी बसून जेव. मी तुला वाढेन, कुरकुर न करता.

कारखान्यात मात्र यायचं नाहीस. टाक्यांपाशी नाही, काढा ढवळायला नाही, नुसतं बघायलाही नाही. किती वर्षं ते मला माहीत नाही. रागावून लिहीत नाहीये. मला सकाळी सात वाजता पट्टी पाण्यात सोडताना आकडा माझा आहे हे कळायला हवं, आणि तू आत असलास तर ते मला कधीच कळणार नाही.

रविवारी सकाळची गाडी धर. आई वाट बघतेय.

तुझी धाकटी